पट्टकादंब ओळखताना या चुका टाळा

पट्टकादंब म्हणजे बदकांच्या कुळातला, हंसासारखा पाणपक्षी (बार-हेडेड गूज). ‘डोक्यावर दोन काळे पट्टे दिसले की पट्टकादंब’ एवढंच पाठ करून आपण पाणवठ्यावर जातो आणि तिथेच फसतो. दुपारी पाणी चमचमत असताना दूरवरून ते पट्टे दिसत नाहीत. शिवाय त्याच वर्षी जन्मलेल्या पक्ष्याला ते नसतातच. त्याचा माथा आणि मानेची मागची बाजू सरसकट करडी-तपकिरी, चेहरा मळकट पांढरा, डोळ्यापुढे गडद रेघ. थव्याच्या कडेला असा एखादा दिसला की वहीत ‘कलहंस’ (त्याचाच भाईबंद, ग्रेलॅग गूज) लिहून मोकळे! मीही लिहिलाय. मग त्याने मान वळवली आणि पिवळसर चोचीचं काळं टोक दिसलं. मुकाट्याने खाडाखोड केली.

म्हणून पट्ट्यांआधी चोच बघा. आपल्याकडे येणाऱ्या कलहंसाची चोच गुलाबी, टोक फिकट, पायही गुलाबी, आणि अंगाने तो जाडजूड. प्रौढ पट्टकादंबाची चोच पिवळी-नारिंगी, टोकाला काळी. गडद मानेच्या दोन्ही बाजूंनी पांढरा पट्टा खाली उतरतो, तो पुष्कळ लांबूनही दिसतो. उडताना अंग फिकट राखाडी, पंखांची मागची कड काळी.

नावाचाही घोळ आहेच. याला राजहंस म्हणतात आणि कुणी कुणी रोहित पक्ष्यालाही (फ्लेमिंगोला)! नोंद करताना शास्त्रीय नाव लिहा: अँसर इंडिकस.

दुपारी जाऊन ‘नुसते झोपलेत’ अशी तक्रार करू नका. हे पक्षी बरंचसं चरतात ते रात्री आणि पहाटे, शेतांत. दिवसा काठावर विसावतात. उजनी असो की जायकवाडी, उजाडायच्या आत पोहोचा. एकापाठोपाठ एक माना ताठ झाल्या की जागीच थांबा. आणखी एक पाऊल टाकलंत तर थवा उठतो.

आणि ते एव्हरेस्ट! हे पक्षी शिखरावरूनच जातात असं छातीठोकपणे सांगू नका. यंत्र बसवून माग काढलेल्या पक्ष्यांची सर्वाधिक उंची ७,२९० मीटर भरली, एव्हरेस्ट ८,८४९. बहुतेक वेळ ते डोंगरउताराला धरून, त्याहून बरेच खालून उडतात. विरळ हवेतला प्राणवायू पकडून ठेवणारं त्यांचं हिमोग्लोबिन, हे खरं नवल.

गळ्यात अक्षरं-आकड्यांचा पट्टा असलेला पक्षी दिसला, तर फोटो नीट येण्याची वाट बघू नका. आधी ती अक्षरं लिहून घ्या. मंगोलियात कुणीतरी तो पट्टा घातलेला असू शकतो.