बोटातून रक्ताचा नमुना घेताना

नमुना चांगला मिळेल की नाही, हे बहुतांशी टोचण्याआधीच ठरते. ज्याचे रक्त घ्यायचे आहे त्याने साबण आणि कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. कोमट पाण्याने बोटांतील रक्तप्रवाह वाढतो. शिवाय फळ हाताळल्यावर बोटाला राहिलेला साखरेचा अंश निघून जातो, नाहीतर ग्लुकोमीटर, म्हणजे रक्तातली साखर मोजणारे यंत्र, साखर उगाचच जास्त दाखवतो. दवाखान्यात ७० टक्के अल्कोहोलचा बोळा फिरवतात. त्यानंतर बोट आपोआप सुकेपर्यंत, म्हणजे सुमारे ३० सेकंद थांबावे आणि फुंकर मारू नये. ओल्या बोटाला टोचल्यास झोंबते आणि रक्ताचा थेंब न धरता ते पसरते.

मोठ्या माणसांसाठी मधले बोट किंवा अनामिका घ्यावी. करंगळीत मांस कमी आणि हाड जवळ असते. अगदी टोकाला किंवा पेराच्या मधोमध न टोचता किंचित कडेला टोचावे. लॅन्सेटचे (टोचण्याच्या बारीक सुईचे) पाते बोटावरच्या रेषांना आडवे धरले की रक्त त्या रेषांतून ओघळत नाही. मोठ्यांतही खोली २.४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. सहा महिन्यांखालील बाळाच्या बोटाला टोचू नये. त्याचा नमुना टाचेच्या कडेतून आणि प्रशिक्षित व्यक्तीनेच घ्यावा.

पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून दुसरा घ्यावा, मात्र यंत्राच्या माहितीपत्रकात वेगळी सूचना असल्यास ती पाळावी. रक्त येत नाही म्हणून बोट पिळणे ही सर्वांत रुळलेली चूक आहे. पिळल्याने पेशींभोवतालचा द्रव रक्तात मिसळून नमुना पातळ होतो, आणि तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. हात थोडा वेळ खाली सोडावा, तळव्याकडून बोटाकडे हलके चोळावे. तरीही रक्त आले नाही तर नव्या लॅन्सेटने दुसऱ्या बोटाला टोचावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. लॅन्सिंग पेन, म्हणजे लॅन्सेट बसवून टोचायचे पेनासारखे साधन, एकाचेच असते. लॅन्सेट बदलली तरी पेनच्या टोपणावर डोळ्यांना न दिसणारे रक्त राहू शकते, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. ‘घरच्या घरी काय होते’ हा विचार नेमका येथेच आडवा येतो. पती-पत्नी दोघांनाही मधुमेह असेल तर दोन पेने हवीतच. दवाखान्यात एकदाच वापरता येणारी, टोचताच आत सरकून बंद होणारी लॅन्सेट वापरावी. प्रत्येक रुग्णासाठी हात स्वच्छ करून नवे हातमोजे घालावेत. सामायिक ग्लुकोमीटरही प्रत्येक वेळी उत्पादकाने सांगितलेल्या जंतुनाशकाने पुसावा, आणि रक्त लागलेल्या हातमोज्याने स्ट्रिपच्या (रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांच्या) डबीला हात लावू नये.

काम झाल्यावर जखमेवर कोरडा कापूस दाबून धरावा. वापरलेल्या लॅन्सेटला पुन्हा टोपण न लावता ती लगेच, हाताशीच ठेवलेल्या, टोकाने भोक न पडणाऱ्या जाड डब्यात टाकावी. डबा तीनचतुर्थांश भरला की बंद करावा. घरी झाकणाची जाड प्लॅस्टिकची बाटली चालते.

नमुना घेणाऱ्यालाच वापरलेली लॅन्सेट टोचली, तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, चोखू नये. मग त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत आणि शक्य तितक्या लवकर सुरू व्हावी लागतात.