टॉरेंटचा रेशो १ च्या खाली का राहतो?

रेशो म्हणजे टॉरेंटवर तुम्ही जेवढं उतरवलं त्याच्या तुलनेत इतरांना किती दिलं. ४ जीबीची लिनक्स आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवली आणि २ जीबीच अपलोड झाली, तर रेशो ०.५. बहुतेक वेळा अडतं ते पोर्टपाशी, म्हणजे बाहेरून जोडणी आत येण्याच्या दारापाशी. क्यूबिटटॉरेंट या क्लायंटच्या (टॉरेंट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) खालच्या पट्टीतलं कनेक्शनचं चिन्ह हिरवं नसेल, तर बाहेरचे पीअर (तीच फाइल घेणारे-देणारे इतर लोक) तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. राउटरमध्ये तो पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे तुमच्या संगणकाकडे वळवा. सेवादात्याने सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता) लावलं असेल तर फॉरवर्ड करूनही उपयोग नाही. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) सुरू करून बघा, नाहीतर स्टॅटिक आयपी (तुमचा स्वतंत्र, कायमचा पत्ता) मागा.

अपलोड मोकळं सोडू नका. लाइन तुंबते, डाउनलोडच्या पोचपावत्या अडकतात आणि डाउनलोडही रखडतं. क्षमतेच्या ८० टक्के मर्यादा ठेवा: २० एमबीपीएसच्या लाइनला साधारण १९५० केआयबी प्रतिसेकंद.

शेकडो सीडर (पूर्ण फाइल जवळ ठेवून ती इतरांना देणारे) असलेल्या जुन्या टॉरेंटवर तुमच्याकडे कोणी मागायलाच येत नाही. उबुंटूची नवी आवृत्ती एप्रिल-ऑक्टोबरमध्ये येते, तेव्हा पहिल्याच दिवशी घ्या. किंवा एक-दोनच सीडर उरलेलं टॉरेंट धरून ठेवा. रेशो सावकाश वाढेल, पण ती फाइल जिवंत राहते, आणि हे काम खरंच मोलाचं आहे.

फाइलचं नाव किंवा जागा बदलायची तर क्लायंटमधूनच बदला. फोल्डरमध्ये जाऊन बदललीत तर सीडिंग तिथेच थांबतं.