दिवा आधी, झाड नंतर: टोरोंटोच्या हिवाळ्यासाठी नांदरुकाच्या बोन्सायची तयारी

पहिली वस्तू दिवा, झाडाला उजेड देणारा. झाड पसंत करण्याआधी, कुंडी बघण्याआधी दिवा घ्या, टांगा, टायमरला जोडा आणि आठवडाभर रिकाम्या टेबलावर चालवून बघा. टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनच्या घरांत उष्ण प्रदेशातली जी बोन्साय हिवाळ्यात जातात, त्यांतली बहुतेक थंडीने जात नाहीत. घरात वीस-बावीस अंश असतातच. ती अंधाराने जातात, आणि जायला तीन-चार महिने घेतात, म्हणून खापर पाण्यावर नाहीतर कोरड्या हवेवर फुटतं.

खिडकीवर विसंबू नका. २१ डिसेंबरला टोरोंटोत दिवस जेमतेम ९ तासांचा असतो, मुंबईत त्याच दिवशी सुमारे ११ तासांचा. त्यात इथला नोव्हेंबर-डिसेंबर बहुतेक ढगाळ, सूर्य खाली झुकलेला, आणि समोर शेजाऱ्याची भिंत. दक्षिणेच्या खिडकीत ढगाळ दिवशी हजार-दोन हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात. तिथून मीटरभर आत आलात की काही शेच उरतात. उन्हाळ्यात बाहेर भर उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख दिसते, कारण डोळे जुळवून घेतात. पानं घेत नाहीत. म्हणून डोळ्यांनी ठरवू नका. साधा लक्समीटर घ्या, निदान फोनमधलं प्रकाश मोजणारं ॲप वापरा. आकडा थोडा चुकेल, पण ८०० आणि २०,००० यांतला फरक तो नक्की दाखवेल.

गाठायचं ते असं: झाडाच्या शेंड्याशी पांढऱ्या एलईडीखाली २०,००० लक्सच्या आसपास, रोज १४ तास. वनस्पतींसाठीच्या मापात हे दर चौरस मीटरला सेकंदाला साधारण ३०० मायक्रोमोल होतं, म्हणजे दिवसाला १५ मोल. नांदरुक यावर नुसतं तगत नाही, जानेवारीतही नवी पानं काढतं. साठ बाय साठ सेंटिमीटरच्या जागेला प्रत्यक्ष १०० वॅट खाणारं पांढरं एलईडी पॅनेल लागतं. प्रत्यक्ष, हा शब्द महत्त्वाचा आहे. खोक्यावर ‘१०० वॅट समतुल्य’ लिहिलेला घरगुती बल्ब जेमतेम पंधरा वॅट ओढतो आणि एका झाडालाही पुरत नाही. झाडांसाठी म्हणून विकतात त्या जांभळ्या दिव्यांच्या मागे लागू नका. त्या उजेडात पान पिवळं पडलंय की कीड लागलीय हे दिसत नाही. पॅनेल पानांपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर ठेवा, मोजा, मग दोरीने वरखाली करा. शेंड्याची पानं फिकी पडून वळायला लागली तर वर न्या. रोजचे १४ तास म्हणजे महिन्याला ४२ युनिटच्या आसपास वीज. तेवढा खर्च धरूनच झाड घ्या.

टायमर हवाच. ‘आठवणीने लावू’ चालत नाही. रात्री ८ ते १० तास अंधारही लागतो, तेव्हा दिवा चोवीस तास चालू ठेवून भरपाई होत नाही. चकतीचा टायमर वीज गेली की मागे पडतो. आठवड्यातून एकदा त्याच्याकडे बघा.

आता झाड. नांदरुक घ्या, म्हणजे फायकस मायक्रोकार्पा. कोरडी हवा, चुकलेलं पाणी, वाकडीतिकडी छाटणी, सगळं सोसतं. फुगीर मुळांचं ‘जिनसेंग फायकस’ म्हणून मॉलमध्ये मिळतं तेही हेच, बहुधा वरून बारीक पानाच्या फांद्यांचं कलम केलेलं, चालेल. विलोसारख्या लांबट पानांचं फायकस सॅलिसिफोलिया त्याहून देखणं, आणि तेवढंच काटक. छत्रीसारख्या पानांचं शेफलेरा सोपं. फायकस बेंजामिना जागा बदलली की पानं टाकतं, पहिल्यांदा घेऊ नका. फुकिएन टी आणि सेरिसा ही झाडं दोन्ही नाजूक. एक हिवाळा नीट पार पडल्यावर बघा. जेडला उजेड आणखी जास्त लागतो, पाणी फार कमी. आणि ‘घरात ठेवायचं बोन्साय’ म्हणून ज्युनिपर (थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड) विकतात ते अजिबात घेऊ नका. त्याला हिवाळ्याची थंड विश्रांती लागते, घरात ते मरतं, आणि मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसत राहतं. पुण्याहून किंवा कोकणातून झाड सामानात घालून आणायचा विचार सोडा. कागदपत्रांशिवाय झाड आणि कुठलीही माती कॅनडाच्या विमानतळावर जप्त होते.

झाड हिवाळ्यातच विकत घेत असाल तर दुकानातून गाडीपर्यंतही कागदात पूर्ण गुंडाळून न्या आणि गाडी आधी गरम करा. उणे दहात झाडाला इजा व्हायला दोन मिनिटंही पुरतात. पण हिवाळ्यात घ्यायचंच असेल तर घरी दिवा चालू आहे ना?

कुंडी: तळाला भोकं, त्यावर जाळी, झाड तारेने बांधलेलं. माती: अकाडामा (जपानी दाणेदार चिकणमाती), प्युमिस (हलका सच्छिद्र ज्वालामुखी दगड), लाव्हाचे खडे समसमान, दाणे ३ ते ६ मिलिमीटर, चाळून भुगा काढलेला. अकाडामा महाग वाटला तर वगळा, प्युमिस-लाव्हाला थोडी पाइनची साल मिसळा. मॉलमधलं झाड मात्र बहुधा काळ्या पीटमध्ये (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या मातीत) असतं आणि वर खडे गोंदाने चिकटवलेले असतात. ते खडे त्याच दिवशी काढा, कारण पाणी त्यांच्यावरून घरंगळून जातं आणि खालचा गोळा कोरडा राहतो. माती बदलायची ती जून-जुलैत, झाड जोमात असताना. ऑक्टोबरात मुळं कापू नका. कमी उजेडात ती भरून येत नाहीत, ओल्या मातीत कुजतात.

उन्हाळाभर झाड बाहेर, उन्हात. हिवाळ्याची पुंजी तिथेच साठते. आत आणायची वेळ पहिल्यांदा दव गोठण्यावरून ठरवू नका. रात्री सलग १२-१३ अंशांखाली जायला लागल्या की आणा. टोरोंटोत ही वेळ साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते, ओंटारिओ तळ्याकाठी थोडी उशिरा. त्या वेळी घरातलं हीटिंग सुरू झालेलं नसतं, त्यामुळे झाडाला उजेडाचा आणि हवेचा फरक एकाच दिवशी सोसावा लागत नाही. दोन आठवडे आधीपासून थोड्या सावलीत सरकवत आणा. आणि दिवा? तो श्रावण संपायच्या आत टांगलेला पाहिजे. झाड आत आणलं, दिवा ‘पुढच्या शनिवारी’ मागवला, पार्सल अडकलं, मग दिवा टांगायचा कंस सापडेना, असं होत होत ऑक्टोबर उलटतो आणि तोवर निम्मी पानं जमिनीवर असतात. गळलेली पानं बघून माणूस पाणी वाढवतो. पानं कमी झाल्यावर झाड पाणी कमी पितं, म्हणजे मुळं नेमकी तेव्हाच कुजतात. याला उपाय म्हणून ना पाणी, ना खत, ना फवारा. दिवा.

आत आणण्याआधी कीड तपासा, आळस करू नका. बाहेर पाऊस, वारा आणि मित्रकीटक तिला आवरतात. आत कोणी नसतं. पानांची मागची बाजू, पेऱ्यांचे कोपरे, खोडाच्या भेगा, कुंडीचा तळ, सगळं भिंगातून बघा. खवले कीड तपकिरी फोडासारखी दिसते, नखाने निघते, आणि पानांवर चिकट रस साचला असेल तर ती असण्याची शक्यता मोठी. पिठ्या ढेकूण दिसला तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढा. लाल कोळी पाहायला फांदीखाली पांढरा कागद धरून झटका. ठिपके चालायला लागले तर झाड मोरीत नेऊन पानं दोन्ही बाजूंनी जोरात धुवा. मग कीटकनाशक साबण, सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा. एका फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून तीन. पहिले दोन-तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून दूर.

पाणी वारावर घालायचं नाही. बांबूची काडी मातीत रुतवून ठेवा, काढून बघा. ओली असेल तर थांबा, जेमतेम दमट असेल तर तळातून निथळेपर्यंत घाला आणि बशीतलं पाणी ओतून द्या. दिव्याखालचं झाड खिडकीतल्या झाडापेक्षा बरंच जास्त पितं. थेट नळाचं नको, हिवाळ्यात ते ओंटारिओ तळ्यातून बर्फगार येतं. रात्रभर खोलीत ठेवलेलं घ्या.

दमटपणाची चिंता लोक सगळ्यात जास्त करतात, आणि ती सगळ्यात कमी उपयोगाची. फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) चालू झाली की घरातला दमटपणा २०-३० टक्क्यांवर येतो, खरं आहे. पण चांगल्या उजेडातलं नांदरुक हे सोसतं. खडे-पाण्याचा ट्रे फारसं काही करत नाही, फवारा पाच मिनिटांत उडून जातो आणि पानांवर क्षारांचे पांढरे डाग ठेवतो. ह्युमिडिफायर असेल तर ४० टक्क्यांवर ठेवा. जास्त चढवलात तर खिडक्यांवर पाणी धरतं, चौकटीला बुरशी येते. पारंब्या हव्या असतील तर गोष्ट वेगळी. त्यांना सतत ८० टक्क्यांच्या वर दमट हवा लागते, त्यासाठी झाड जुन्या काचेच्या फिशटँकमध्ये ठेवा, वरून काच अर्धवट झाका, आणि दिवा त्या काचेवर. तिथेही दिवा.

जागा: हीटरच्या वर नाही, व्हेंटच्या झोतात नाही, पान खिडकीच्या काचेला टेकलेलं नाही. कुंडीचा तळ गार फरशीवर असेल तर खाली लाकडी फळी. मांजर असेल तर लांब. चीक विषारी असतो. छाटणीनंतर चीक थांबवायला ओलं फडकं दाबून धरा आणि हात धुवा.

खत: दिव्याखाली नवी पानं येत असतील तर अर्ध्या मात्रेने दोन आठवड्यांनी. येत नसतील तर बंद, आणि लक्स पुन्हा मोजा. फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेली तार महिन्याने तपासा. वाढत्या फांदीत ती रुतते.

जानेवारी-फेब्रुवारी: पानांवरची धूळ पुसा. दिव्यावरचीही. कुंडी आठवड्याला पाव फेरी फिरवा. झाड वाढलं असेल तर शेंडा दिव्याला टेकत नाही ना बघा.

बाहेर: मेअखेर, व्हिक्टोरिया डेनंतर (कॅनडातली मेमधली सुट्टी), रात्री १२-१३ अंशांच्या वर टिकल्या की. आठवडा पूर्ण सावली, आठवडा सकाळचं ऊन, मग उघडं. घाई केली तर पानं भाजतात.

दिवा माळ्यावर टाकू नका. पुसून, कंस आणि टायमरसकट त्याच जागी राहू द्या.