आयपीएफ मॅपमध्ये रंग सारखा दिसला म्हणून ग्रेन एकच समजू नका

ईबीएसडीचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये क्रिस्टलच्या दिशा मोजायची पद्धत) आयपीएफ मॅप (इन्व्हर्स पोल फिगर, म्हणजे त्या दिशा रंगात दाखवणारा नकाशा) उघडला की आधी तो एक्स, वाय की झेड कशाचा आहे ते बघा, कारण रंग एवढंच सांगतो की सॅम्पलच्या त्या एका दिशेला क्रिस्टलची कुठली दिशा समांतर आहे. तांबं, अॅल्युमिनियमसारख्या क्यूबिक धातूत नेहमीच्या रंगात लाल म्हणजे ००१, हिरवा १०१, निळा १११ (हे आकडे म्हणजे क्रिस्टलमधल्या दिशांची नावं). पण झेड मॅपमध्ये शेजारचे दोन्ही ग्रेन (धातूतले एकेक क्रिस्टल-कण) लालभडक असले तरी एक दुसऱ्यापेक्षा झेडभोवती ४० अंश फिरलेला असू शकतो आणि रंगात ते अजिबात कळत नाही!! म्हणून तिन्ही मॅप शेजारी लावा, वर १५ अंशांपुढच्या ग्रेन बाउंड्री (जिथे दोन बाजूंच्या क्रिस्टलच्या ठेवणीत १५ अंशांहून जास्त फरक आहे त्या सीमा) काळ्या रेषेने काढा, मी तरी त्याशिवाय ग्रेन साइझ मोजत नाही. आणि रिपोर्टमध्ये रंगांचा त्रिकोण (कुठला रंग म्हणजे कुठली दिशा ते दाखवणारा) टाकाच.