गावी घर बांधताय? कॉन्ट्रॅक्टर निवडताना या चुका टाळा

राजापूर-लांजा पट्ट्यात मी दुसऱ्यांच्या बांधकामांवर देखरेख करतो. बहुतेक मालक मुंबईला, ठाण्याला, नाहीतर पुण्याला. वर्षातून दोन-तीनदा गावी येणार, आयुष्यभराची पुंजी घरात घालणार, आणि कॉन्ट्रॅक्टर ठरवणार एका संध्याकाळी, ओटीवर चहा पिता पिता. बरेच जण माझ्याकडे येतात ते काम अर्धवट पडल्यावर. चुका मात्र त्याच त्या असतात, आणि त्यातली एकही न टाळता येण्यासारखी नसते.

फोटो बघून पैसे पाठवणं

ही सगळ्यात महागडी चूक. डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ, गाव आमच्याच तालुक्यातलं. मटेरियलसकट काम दिलं होतं. जोतं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं, काम चोख होतं, म्हणून विश्वास बसला. पुढचा सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. लिंटेल (दार-खिडक्यांवरची काँक्रीटची आडवी पट्टी) झाली, फोटो आला, पैसे गेले. सेंटरिंग (स्लॅब ओतण्यासाठीच्या फळ्या आणि टेकू) लागलं, फोटो आला, पैसे गेले. स्लॅब पडल्याचाही फोटो आला. "काका, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका, मी आहे ना," हे प्रत्येक फोटोखाली.

शिमग्याला घरचे सगळे गावी आले तेव्हा भिंती लिंटेलपर्यंतच होत्या. कोपऱ्यात सिमेंटच्या काही गोणी दगड होऊन पडलेल्या. मी फोटो मागवून बघितले. स्लॅबच्या मागे माडांची रांग दिसत होती आणि यांच्या जागेत काजूच्या कलमांशिवाय काही नाही. तो स्लॅब दोन गावं पलीकडच्या घराचा होता. यांच्या पैशांतून तिथलं काम पुरं झालं होतं.

हा कॉन्ट्रॅक्टर पहिल्या दिवसापासून बुडवायला बसला होता असं मला वाटत नाही. मागच्या साइटचा खड्डा पुढच्या साइटच्या ॲडव्हान्सने भरायचा, अशीच अनेकांची कामं चालतात. नवीन काम मिळत राहतं तोवर सगळं सुरळीत दिसतं. एक काम लांबलं की शेवटच्या मालकाचा बळी जातो. म्हणून "माणूस चांगला आहे" एवढ्यावर मी कधीच थांबत नाही. चांगल्या माणसाच्या हातातही तुमचे पैसे कामाच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत.

माझी पद्धत अशी. सुरुवातीला दहा टक्क्यांच्या वर एक पैसा नाही. पुढचा हप्ता टप्पा पूर्ण झाल्यावर: जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर, फरशी. सिमेंट आणि सळईचे पैसे शक्य तर थेट दुकानदाराला द्या. फोटो नको, व्हिडिओ कॉल करा, आणि तोही रस्त्यापासून सुरू करायला सांगा: रस्ता, गडगा, विहीर, मग घर. टेप भिंतीला लावून दाखवायला सांगा. आणि देखरेखीला इंजिनीअर तुमचा हवा, त्याची फी तुम्ही द्यायची. कॉन्ट्रॅक्टरने आणलेला इंजिनीअर कॉन्ट्रॅक्टरचाच असतो. शेवटचे पाच टक्के पहिला पावसाळा पार पडल्यावर, आणि हे आधीच करारात लिहून घ्यायचं. कोकणातल्या पावसात स्लॅब गळतो की नाही, हे चावी हातात घेताना मे महिन्यात कळत नाही.

फक्त फुटाचा भाव विचारणं

"तो सोळाशे म्हणतो, हा अठराशे" असं सांगत लोक येतात. कशाचा फूट, हे विचारलेलं नसतं. समजा घर २५ बाय ४० आहे, म्हणजे १,००० चौरस फूट. स्लॅब चारही बाजूंनी दोन फूट बाहेर काढला आणि कॉन्ट्रॅक्टरने मोजमाप स्लॅबच्या कडेपासून धरलं, तर तेच घर २९ बाय ४४ होतं, १,२७६ चौरस फूट. अठराशेच्या भावाने फरक ४,९६,८०० रुपयांचा. दोघांनीही खोटं बोललेलं नसतं, फक्त मोजायचं कसं ते ठरलेलं नसतं.

शिवाय त्या भावात काय बसतं? जोत्याची भर, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वायरिंगचे पॉइंट किती, फरशी किती रुपये फुटाची? यातलं जे लिहिलेलं नाही ते पुढे "एक्स्ट्रा" म्हणून येतं. जीएसटीचंही विचारा. स्वतःच्या एका घरासाठी निव्वळ मजुरीचा ठेका असेल तर तो लागत नाही, मटेरियलसकट काम दिलं तर लागू शकतो. मला विचाराल तर स्वस्त भाव देणाऱ्यापेक्षा चार पानांचं एस्टिमेट देणारा माणूस बरा. हे सगळं वाचायला एक रविवार जातो. तेवढा धीर नसेल त्याने बांधकामाला हात घालू नये.

गणपतीला घरभरणी हवीच, हा हट्ट

गणपती नव्या घरात बसावा ही इच्छा मला कळते. पण त्यासाठी मे अखेरीला स्लॅब टाकून पावसात प्लास्टर-रंग उरकलेली घरं मी बघतो, आणि दोन वर्षांत त्यांच्या भिंतींचे पापुद्रे निघतात. चिरा, म्हणजे आपला जांभा दगड, पाणी पितो. ओल्या चिऱ्यावर रंग टिकत नाही. घाईत सेंटरिंगही लवकर निघतं. काँक्रीटच्या आपल्या मानकाप्रमाणे (आयएस ४५६) सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू १४ दिवस हलवायचे नसतात, आणि पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर स्लॅबला किमान १० दिवस पाणी मारायचं असतं. घाई करणारा मालक भेटला की कॉन्ट्रॅक्टरला हे दिवस खायची आयती परवानगी मिळते. स्लॅब मार्चपर्यंत होत नसेल तर घरभरणी पुढच्या गणपतीला करा.

बाकीच्या, थोडक्यात

कॉन्ट्रॅक्टरने नुकतंच रंगवलेलं घर दाखवलं तर ते बघू नका. तीन पावसाळे खाल्लेलं घर बघा, ते जुलैत बघा, आणि घरमालकाशी एकट्याने बोला.

खाडीची वाळू स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. त्यातलं मीठ सळई खातं.

चिरा खाणीवर जाऊन बघा. मऊ मातीचे कप्पे असलेला चिरा तिथेच बाजूला काढायला लावा.

सळई आली की एक तोलून घ्या. १२ मिमीची, १२ मीटर लांबीची सळई साधारण १०.६५ किलो भरली पाहिजे.

नात्यातल्या माणसाला काम देऊ नका. त्याला ना पैशाचं विचारता येतं, ना कामाचं.

तोंडी बदल नको. खिडकी सरकवायची असली तरी खर्च लिहून, दोघांच्या सह्या.

फसलाच असाल तर

रेरात जाऊ म्हणणारे बरेच भेटतात. रेरा हा कायदा बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे. तुमच्या जागेत तुम्ही लावलेल्या कॉन्ट्रॅक्टरला तो लागू होत नाही. घर बांधून देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवा आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पण वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत. त्यासाठी करार, बँकेतून दिलेल्या पैशांचा हिशेब आणि झालेल्या कामाचं इंजिनीअरने सही करून दिलेलं मोजमाप हाताशी हवं. आधी लेखी नोटीस पाठवा. आणि नवा कॉन्ट्रॅक्टर साइटवर उतरवण्याआधी हे मोजमाप उरकून घ्या. त्याने चार चिरे जरी लावले, तरी पहिल्याचं काम नेमकं कुठे थांबलं होतं हे सिद्ध करणं फार कठीण होऊन बसतं.