घोळणा फुटला तर मान मागे नको, पुढे

एप्रिल-मेमध्ये विदर्भात पोराचा घोळणा फुटला की घरातली मोठी माणसं त्याला आडवं करतात, डोक्यावर गार पाणी ओततात, कांदा फोडून हुंगायला देतात. माया खरी, पण आडवं केल्याने रक्त थांबत नाही, घशात उतरतं. पोटात गेलं की मळमळतं, उलटी होते आणि त्यातलं काळपट रक्त पाहून घरच्यांचा धीर सुटतो.

त्यापेक्षा मुलाला ताठ बसवा आणि मान जराशी पुढे झुकवा. नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या पाहिजेत. हाड दाबून उपयोग नाही. बहुतेक वेळा रक्त येतं ते नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातून, तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरवर असतं. श्वास तोंडाने घ्यायचा, तोंडात आलेलं रक्त थुंकायचं. घड्याळ पाहून 10 ते 15 मिनिटं चिमूट सोडू नका. मध्येच ‘थांबलं का?’ म्हणून बघितलं की धरत आलेली गुठळी सुटते. सगळ्यांचं चुकतं ते इथेच.

थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू नका, खपली काढू नका.

आपण म्हणतो ‘उष्णता वाढली’. खरं तर कोरड्या हवेने नाकातली त्वचा तडकते आणि त्यात बोट घातलं, की रक्त येतं. सर्दी, अॅलर्जी, नाकातले स्प्रे हीही कारणं. रात्री नाकपुडीच्या आत थोडं व्हॅसलीन लावलं तर फरक पडतो.

अर्धा तास झाला तरी थांबत नसेल, धार लागली असेल, चक्कर येत असेल किंवा डोक्याला मार लागून रक्त आलं असेल, तर थेट दवाखाना गाठा. तापात घोळणा फुटला, अंगावर लाल ठिपके दिसले, हिरड्यांतूनही रक्त आलं, तर डेंग्यू असू शकतो. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हृदयरोगासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना आधी तेच सांगा.

पुन्हा पुन्हा एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. लहान मुलाच्या एका नाकपुडीतून घाण वासाचं पाणीही येत असेल तर आत मणी किंवा चिंचोका अडकलेला असू शकतो. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, तो आणखी आत सरकतो. खेळण्यातला बटणासारखा सेल गेल्याची शंका असेल तर सकाळची वाट पाहू नका. तो काही तासांत आतला भाग जाळतो.