एकतर्फी हुकूमनामा रद्द कसा करून घ्यावा

दावा अजून चालू असेल आणि नुसता ‘एकतर्फी चालवावा’ (म्हणजे प्रतिवादी गैरहजर असताना पुढे चालवावा) एवढाच आदेश झाला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९, नियम ७ खाली अर्ज द्या, कैफियत (दाव्याला तुमचं लेखी उत्तर) सोबतच जोडा. हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल देणारा आदेश, होऊन गेला असेल तर नियम १३. अर्ज जातो हुकूमनामा करणाऱ्या कोर्टातच.

वकीलपत्रावर सही करून त्याच दिवशी रेकॉर्ड तपासणीचा अर्ज टाका. हुकूमनाम्याच्या नकलेची वाट बघत बसू नका. नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात, या अर्जाला ती सवलत नाही. मुदत ३० दिवसांची, हुकूमनाम्याच्या तारखेपासून. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून.

कारणं दोनच चालतात: समन्सची बजावणी रीतसर झाली नाही, किंवा पुकारा झाला त्या दिवशी हजर राहणं खरोखर शक्य नव्हतं. ‘माझी बाजू खरी आहे’ हे इथे कारण नाही.

आता घोडं अडतं ती जागा. ‘समन्स मिळालंच नाही, असं लिहून टाका’ हा सल्ला कोर्टाच्या आवारात फुकट मिळतो आणि तेवढ्याच किमतीचा असतो. तसं सगळेच लिहितात. तुम्ही फाइलमधला बेलिफचा अहवाल काढा आणि शब्दन् शब्द वाचा. समन्स दाराला चिकटवलं म्हणतो? मग घर कोणी दाखवलं, कोणासमोर चिकटवलं, त्यांची नावं-पत्ते आहेत का? घरच्यांनी घेतलं म्हणतो? घेणारा सज्ञान कुटुंबीय होता की नोकर? कायद्याच्या लेखी नोकर म्हणजे कुटुंबीय नव्हे. पत्ता तुम्ही कधीच सोडलेल्या घराचा आहे का? तसं असेल तर नव्या पत्त्याचा त्या काळातला कागद जोडा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीने बजावणी झाली असेल तर या मुदतीपुरती ती रीतसर बजावणी धरत नाहीत.

बजावणीत नुसती खोट सापडली म्हणून हुरळू नका. सुनावणीची तारीख तुम्हाला ठाऊक होती आणि यायला पुरेसा वेळ होता, असं कोर्टाला पटलं की ती खोट निरुपयोगी ठरते. दाव्याबद्दल वादीशी मोबाइलवर काही लिहिलं-बोललं असेल तर ते वकिलाला आधी सांगा, उलटतपासात बाहेर येऊ देऊ नका.

दुसरी मेख हुकूमनामा कळल्याच्या तारखेची. ‘अलीकडेच समजलं’ हे वाक्य प्रतिज्ञापत्रात दिसलं की मला चीड येते. दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाची) नोटीस घेऊन बेलिफ अमुक तारखेला आला, तेव्हा कळलं, असं लिहा आणि नोटीस जोडा. ३० दिवस उलटले असतील तर विलंब माफीचा वेगळा अर्जही द्या.

आजारपणाचं कारण असेल तर दाखला नेमक्या त्या गैरहजेरीच्या तारखेचा हवा. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हेच सांगितलं: ज्या दिवसाच्या गैरहजेरीमुळे एकतर्फी झालं, कारण त्या दिवसाचं बघायचं, आधीच्या चुकलेल्या तारखांचं नाही. मागची तारीख घातलेला दाखला आणणाऱ्याचं वकीलपत्र मी घेत नाही.

दरखास्त चालू असेल तर स्थगितीचा अर्ज सोबतच द्या. नियम १३ चा अर्ज टाकल्याने जप्ती आपोआप थांबत नाही.

‘थेट अपील करा’ म्हणणाऱ्यांपासून जपून. अपील करता येतं, दोन्ही एकदमही करता येतं. पण अपिलाचा निकाल आधी लागला, तर तुम्ही ते स्वतःहून काढून घेतलं असल्याखेरीज नियम १३ चा दरवाजा बंद होतो.

वादीला नोटीस निघते, म्हणणं येतं, गरज पडल्यास पुरावा होतो. अर्ज फेटाळला तर ऑर्डर ४३ खाली त्या आदेशावर अपील आहे. मंजूर झाला तर खर्चाची किंवा रक्कम भरण्याची अट बहुधा येतेच. ती रक्कम दिलेल्या मुदतीत भरा आणि पावती फाइलला लावा, कारण अट मोडली तर मिळालेला आदेशही हातचा जातो.